मदत हवी आहे: मारिओवाल्या कंपनीच्या पत्त्यांचा वऱ्हाडी कॅट

गावच्या वाचनालयातली पोरं दिवसभर मोबाईलवर मारिओ खेळतात. त्यांना सांगितलं की मारिओ बनवणारी निन्टेंडो कंपनी मुळात पत्ते बनवायची, १८८९ पासून, जपानच्या क्योटोत. कोणालाच पटेना. मग ठरलं, तसलाच हानाफुदा, म्हणजे जपानी फुलांच्या पत्त्यांचा, कॅट आपणच बनवू.

त्यात ४८ पत्ते असतात: १२ महिने, दर महिन्याला चार, प्रत्येक महिन्याचं एक झाडफूल. एकावरही आकडा नाही. ऑगस्टच्या एका पत्त्यावर तर नुसत्या गवताच्या टेकडीवर चंद्र आहे, भारी दिसतो.

आमचे महिने असे: फाल्गुन पळस, चैत्र मोह, वैशाख बहावा, श्रावण तेरडा, भाद्रपद कांस, आश्विन झेंडू, कार्तिक कापूस, मार्गशीर्ष तूर, पौष जवस, माघ हरभरा. जोड्याच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून झालेत. चित्रं पोरं हातानं काढणार, रंग चारच आहेत, म्हणून बारीक नक्षीचं फूल नको. आंबा सुचवू नका, त्यावरून आधीच भांडण झालंय. निंबावर चैत्रवाल्यांचा दावा आहे, तोही नको.

अडलंय ज्येष्ठ आणि आषाढावर. यवतमाळकडच्या रानात या दोन महिन्यांत असं काय फुलतं, जे लांबूनही पोराला ओळखू येईल?