मदत हवी आहे: दिवस वाढतोय, तरी सूर्य उशिरा का उगवतो?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. डिसेंबरपासून मुलं सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा फळ्यावर लिहितात. आमच्या गावाला पश्चिमेकडं डोंगर आडवा येतो, म्हणून वेळा मोबाईलवरून बेळगावच्या घेतो.

२२ डिसेंबर: उगवला ६:५५, मावळला ६:०५
१४ जानेवारी: उगवला ७:०३, मावळला ६:१९

दिवस सहा मिनिटांनी वाढला, हे पुस्तकाप्रमाणंच झालं. पण काल एका मुलीनं विचारलं, "सर, दिवस मोठा व्हायलाय तर सकाळ लवकर व्हायला पाहिजे की. उशीर का व्हायलाय?" प्रश्न अगदी रास्त आहे. ऋतूंचं नेहमीचं चित्र काढून त्याचं उत्तर मिळत नाही. जाणकारांनी पोरांना पटेल असं सांगावं.

निपाणीकर: सर, मोबाईल मुंबईची वेळ दाखवत नाही ना? जानेवारीत तिथं आपल्यापेक्षा दहा-बारा मिनिटं उशिरा उजाडतं.

धागाकर्ता: तपासलंय दादा, वेळा बेळगावच्याच आहेत.

आकाशमित्र: सर, उत्तर तुमच्या दोन ओळींतच आहे. उगवती आणि मावळतीच्या बरोबर मधली वेळ काढा. २२ डिसेंबरला ती १२:३० येते, १४ जानेवारीला १२:४१. म्हणजे अख्खा दिवसच अकरा मिनिटं पुढं सरकलाय. वाढलेल्या सहा मिनिटांतली तीन सकाळच्या वाट्याला आली, तीन संध्याकाळच्या. सकाळी तीन मिळाली पण अकरा गेली, म्हणून आठ मिनिटं उशीर. संध्याकाळी तीन आणि अकरा मिळून चौदा. हे गणित मुलांनाच करू द्या.

आता मध्यान्ह का सरकते? एका मध्यान्हीपासून दुसरीपर्यंत डिसेंबरअखेर २४ तासांपेक्षा साधारण ३० सेकंद जास्त लागतात. पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी सुमारे २३ तास ५६ मिनिटांत पुरी करते, पण तोवर ती सूर्याभोवतीही पुढं गेलेली असते. त्यामुळं पुन्हा सूर्यासमोर यायला तिला आणखी थोडं वळावं लागतं. हे 'थोडं' वर्षभर सारखं नसतं. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि सर्वांत वेगानं धावते, म्हणून वळणं वाढतं. शिवाय आस कललेला असल्यामुळं सूर्य ताऱ्यांमधून तिरका सरकतो. डिसेंबरअखेर मात्र त्याची वाट विषुववृत्ताला जवळपास समांतर होते आणि त्याचं सगळं सरकणं पूर्वेकडंच होतं. दोन्ही कारणं एकाच वेळी येऊन पडतात.

आपल्याकडं हे ठळक दिसतं, कारण आपण १६ उत्तर अक्षांशाच्या जवळ आहोत. वर्षातला सर्वांत लहान दिवस ११ तास १० मिनिटांचा, सर्वांत मोठा १३ तासांच्या जरासा वर. दिल्लीकडं दिवस झपाट्यानं वाढतो आणि मध्यान्हीचं सरकणं लवकर झाकलं जातं. बेळगावात उगवती जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुठं माघारी फिरते. आणि सर्वांत लवकरचा सूर्यास्त? तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच होऊन गेलेला असतो, सहाच्या दोनेक मिनिटं आधी.

धागाकर्ता: फार आभारी आहे! आता मुलं विचारणार, मध्यान्ह बाराला का नाही? आणि मोबाईलशिवाय अंगणात काढता येईल काय?

आकाशमित्र: आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे, बेळगाव ७४.५ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून ३२ मिनिटांचा फरक मुळातच आहे.

अंगणात जरूर काढा. सपाट जागी काठी अगदी सरळ रोवा आणि बुंध्याभोवती दोरीनं वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरताना वेळ लिहा, दुपारी बाहेर पडताना पुन्हा लिहा. दोन्हींच्या मधली वेळ ती मध्यान्ह. वर्तुळ लहान नको, नाहीतर टोक नेमकं कधी टेकलं ते कळत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२:४६ च्या आसपास यायला हवी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१६. पहिली वेळ त्या मुलीलाच घेऊ द्या, आणि आकडे इथं नक्की टाका.