कवितेचे किती मिळतात? (अनुभव धागा)

पाडव्याच्या जेवणाला आमच्या जाऊबाईंच्या सुनेने सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, एका कवितेचे किती मिळतात हो?" प्रश्नात खोच नव्हती. ती घरी केक करून विकते आणि एका केकमागे किती सुटतात हे तिला पैशापर्यंत ठाऊक असतं.

मी खरं ते सांगितलं. यंदा दोन दिवाळी अंकांत कविता आल्या. एकाने अंकाची एक प्रत पाठवली. दुसऱ्याने प्रत आणि दीडशे रुपयांचा चेक पाठवला. त्यावर माझ्या आडनावातला एक काना गायब होता, म्हणून बँकेने तो परत केला. सगळे हसले, मीही हसले. पण रात्री भांडी आवरताना प्रश्न काही जाईना.

एम.ए.ला मम्मट पाठ केला होता. अकराव्या शतकातल्या या काश्मिरी पंडिताने 'काव्यप्रकाशा'त कवितेची सहा प्रयोजनं दिली आहेत : यश, अर्थ म्हणजे पैसा, व्यवहारज्ञान, अशुभाचं निवारण, तत्क्षणी मिळणारा परम आनंद आणि कांतेसारखा गोड उपदेश. यादीत पैसा दुसऱ्या नंबरावर आहे, हे त्या रात्री पहिल्यांदा नीट लक्षात आलं. बाकीची पाचही मला तशी सैलच बसतात. आनंद म्हणावा तर कविता लिहिताना मी बहुतेक वेळ वैतागलेलीच असते.

तर तुम्ही सांगा. लिहीत असाल, लिहायचं सोडलं असेल, तर कवितेने तुम्हाला काय दिलं? काय नेलं? नाव नको, गाव आणि कामधंदा पुरे. 'आत्मिक समाधान' हे दोन शब्द वापरायचे नाहीत. आणि हात जोडून विनंती, इथे कविता टाकू नका. एखादी ओळ चालेल.

संगमनेर, एसटीतून निवृत्त वाहक

३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच मुक्कामाच्या गाड्यांवर. रात्री साडेनऊला डोंगरातल्या गावाला पोचायचं, पहाटे साडेपाचला परतीला लागायचं. ड्रायव्हर टेकला की लगेच घोरायचा. मी हिशोब लावायचो आणि रोकडीची बॅग उशाला घ्यायचो. उशाला दुसऱ्याचे पैसे असले की गाढ झोप लागत नाही.

मग अष्टाक्षरी, म्हणजे ओळीला आठ अक्षरं. दोन्ही हातांचे अंगठे सोडले तर बोटं बरोबर आठ होतात. कागद नको, बत्ती नको. अंधारात बोटं मिटत जायची. ओळ सातावर संपली की एक बोट उघडं राहायचं आणि ते डोळ्यासमोर दिसायचं. चार ओळी जुळल्या की सकाळी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर उतरवायच्या. खेड्याच्या रूटला पत्रिका भरपूर मिळतात.

मिळालं काय, तर एवढंच सांगता येईल. हिशोबात दहा रुपये कमी आले तर ते रात्रभर डोक्यात घोळायचं, कारण खिशातून भरायचे असायचे. ओळीत एक अक्षर कमी आलं तर तेही रात्रभर घोळायचं. पण पहिल्या घोळण्याने सकाळी डोकं धरायचं, दुसऱ्याने नाही. असं का, ते मला विचारू नका.

मुलगा म्हणतो, दादा, पुस्तक काढू. मी म्हटलं पत्रिकाच जपून ठेव. कुणाचं लग्न कधी झालं तेही त्यातच आहे.

श्टुटगार्ट (जर्मनी), सॉफ्टवेअर

थोडक्यात लिहितो. इथे येऊन चौदा वर्षं झाली. घरात मराठी बोलतो, पण ती 'जेवलास का, झोपलास का' एवढीच. एकदा पावसावर लिहायला बसलो. कौलाच्या कडेवरून पाण्याच्या ज्या धारा पडतात, त्यांना काय म्हणतात ते आठवेना. रत्नागिरीला आत्याला फोन केला. ती म्हणाली, "पागोळ्या रे! विसरलास? पागोळीखाली बादली लावायचं काम तुझंच होतं."

मी विसरलो होतो. बादली, तिचा पत्र्याचा आवाज, ती भरली की आजोबा मारायचे ती हाक, सगळंच विसरलो होतो. शब्द सापडला तशी बादलीही सापडली. कविता पुढे फसली. पण तेव्हापासून दर रविवारी आत्याला फोन असतो, एकेका शब्दासाठी. वळचण, पडवी, आगोट, बेगमी. ती आता ८१ वर्षांची आहे आणि आधीपासून शब्द काढून ठेवते.

पुणे, खाजगी नोकरी

माझा अनुभव उलटा आहे, चालत असेल तर ठेवा. संग्रह स्वखर्चाने काढला. ५०० प्रती, प्रकाशन समारंभ, हॉलचं भाडं, पाहुण्यांची गाडी, चिवडा-पेढे. सगळं मिळून लाखाच्या आसपास गेले. प्रकाशक म्हणाले होते, वितरण आमच्याकडे. वितरण म्हणजे एका संध्याकाळी टेम्पोने ४२० प्रती माझ्या घरी आल्या.

पुढे सोसायटीच्या गणपतीत रांगोळी स्पर्धेचं बक्षीस म्हणून मी काही प्रती दिल्या. पहिल्या आलेल्या वहिनी दुसऱ्या दिवशी दारात. फार संकोचून म्हणाल्या, "भाऊ, याच्याऐवजी स्टीलचा डबा मिळेल का? मागच्या वर्षी डबा होता." मी डबा आणून दिला, पाच किलोचा. त्यात त्यांचे तांदूळ मावतात असं नंतर कळलं.

सहा वर्षं झाली, लिहिलेलं नाही. काही अडलं नाही. झोप उत्तम लागते. कवितेशिवाय जगता येत नाही म्हणणाऱ्यांना मी फक्त एवढंच सांगेन, की येतं.

(धागाकर्ती : ठेवलाय. असा अनुभव येईलच असं वाटत होतं, पाच किलोचा डबा मात्र अपेक्षित नव्हता.)

कोल्हापूर, परिचारिका

लिहिलं की मन हलकं होतं असं म्हणतात. माझं होत नाही.

मी अतिदक्षता विभागात असते. रात्रपाळीत आम्ही पेशंटला नंबराने बोलतो. सातचं सलाईन संपत आलंय, चारचं बीपी बघ. त्यात दुष्टावा नसतो, घाईत तेच तोंडात येतं. एका पहाटे चार नंबर गेले. म्हातारे होते, अकरा दिवस होते. नातेवाईक सगळं घेऊन गेले. सकाळी खण आवरताना त्यांच्या कवळीची डबी राहिलेली दिसली. दाखल करताना कवळी काढून ठेवायची असते, डबीवर चिकटपट्टी लावून नाव घालायचं असतं. अक्षर माझंच होतं. अकरा दिवसांपूर्वी ते नाव मी लिहिलं होतं, पण वाचलं नव्हतं.

घरी येऊन लिहायला बसले. 'कवळी' हा शब्द कवितेत नकोसा वाटायचा. दात म्हणून पाहिलं, हसू म्हणून पाहिलं, सगळं खोटं वाटायला लागलं. शेवटी कवळीच ठेवली, तेव्हा ओळ उभी राहिली. मला वाटतं कवितेने मला शिकवलं असेल तर हेच, की बघितलेली वस्तू बदलायची नाही. सुंदर करायला गेलं की ती माझी होते, त्यांची राहत नाही.

त्यानंतर एक सवय लागली. पेशंट दाखल झाला की नातेवाइकांना विचारते, घरी यांना काय म्हणतात? आबा, तात्या, बापू, एका आजीला सगळी गल्ली 'मॅनेजर' म्हणायची. त्या नावाने हाक मारली की शुद्धीत नसलेलं माणूसही कधीकधी पापणी हलवतं. कधीकधीच. मन हलकं झालं नाही ते नाहीच, पण करायला एक गोष्ट मिळाली.

मावळातली, सध्या मुंबईत

मी लिहिते ते जाऊ द्या. आजीचं सांगते. ती निरक्षर, पण तिच्या तोंडी ओव्या किती होत्या याला मोजदाद नव्हती. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं माळ्यावर गेलं. २०१६ साली मी मोबाइल घेऊन तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, आजी, म्हण ना ओव्या. तिला एक आठवेना. "बसल्या बसल्या कशा येतील गं?" म्हणाली. मग मी तिच्यापुढे ताट पालथं घातलं. तिने त्यावर हात ठेवला, खुंटा धरल्यासारखी मूठ केली आणि गोल फिरवायला लागली. तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. नंतर चाळीस मिनिटं थांबली नाही.

तिला विचारलं, यातून तुला काय मिळायचं? ती म्हणाली, एक तर दळण जड लागत नाही. आणि दुसरं, सासू पलीकडे जागीच असायची, सगळं ऐकायची, पण बोलायची नाही. जात्यावर म्हटलेलं भांडणात धरत नाहीत.

मला हे फार मोठं वाटतं. जे तोंडावर बोलली असती तर माहेरी पाठवली असती, ते पहाटे चारला खड्या आवाजात म्हणायचं आणि वर सुपभर पीठ. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या ऐकताना मी प्रत्येक आवाजात आजीच्या ओळखीची बाई शोधते. बहिणाबाई चौधरींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकात आली ती १९५२ मध्ये, तीही मुलाने, सोपानदेवांनी, जपली म्हणून. म्हणजे त्यांनी छापील पान पाहिलंच नाही. वरच्या पुण्याच्या काकांना हे दुखवायला लिहीत नाहीये. त्यांच्या ४२० प्रतींचं मला वाईटच वाटलं.

आजीचा हात ताटावरून उचलला की ओवी तिथेच थांबायची, अगदी अर्ध्यावर. मी स्वतः कणीक मळताना जुळवते. लॅपटॉपपुढे काही येत नाही.

छत्रपती संभाजीनगर, विद्यार्थी

साहित्य संमेलनात कविकट्ट्यावर नंबर लागला, तेव्हा समोर नऊ जण होते. त्यातले सात पुढचे कवी, आठवा माइकवाला. नववा माझा मित्र, तो मोबाइलवर मॅच बघत होता. तरी पाय लटपटत होते! एक सांगतो, दाद मिळायला लागली की ओळी दादेच्या जागी येऊन थांबायला लागतात. माझं तसं झालंय. सध्या मंचावर न वाचता फक्त लिहून बघतोय. दोन महिने झाले, जमत नाहीये.

ठाणे, शिक्षिका

आई गेली त्याला दीड वर्ष झालं. मुक्तछंदात पानंच्या पानं लिहिली आणि फाडली, सगळी रडकी. मग हट्टाने वृत्तात लिहायचं ठरवलं, म्हणजे निदान रडायला सवड मिळणार नाही. भुजंगप्रयात घेतलं, लगागा (एक लघु म्हणजे ऱ्हस्व, मग दोन गुरू म्हणजे दीर्घ अक्षरं) चार वेळा, ओळीला बारा अक्षरं. मनाच्या श्लोकांचं वृत्त, त्यामुळे चाल डोक्यात होतीच.

पहिल्याच अक्षराला अडले. भुजंगप्रयाताची ओळ लघूने सुरू होते, आणि 'आई'तला 'आ' गुरू. म्हणजे आईपासून सुरुवात करताच येत नाही. आठवडाभर मी वृत्तावर चिडून होते. ज्या शब्दासाठी लिहायला बसले, तोच पहिल्या जागी नको म्हणतंय! 'तुझी', 'जरी', 'कशी' असे शब्द लावून पाहिले, ते नुसते भरीचे वाटले. आणि एका संध्याकाळी शाळेतून आले, पर्समध्ये किल्ली शोधत दारात उभी होते, तेव्हा 'घरी' आला. घ लघु, री गुरू. मागोमाग ओळ आली : घरी कोण आहे? विचारू कुणाला.

आम्ही दोघीच राहायचो. मी कधी किल्ली नेतच नसे, बेल वाजवायचे. तोवर मला वाटत होतं की मी आईवर कविता लिहितेय. माझं दुःख खरं त्या बेलपाशी अडकलं होतं आणि मला ते माहीत नव्हतं. 'आई'ने सुरुवात करता आली असती तर मी पुन्हा मायेचा सागर वगैरे लिहिलं असतं. अक्षर अडलं म्हणून मी दारापाशी थांबले.

आणि एक गोष्ट खूप उशिरा सुचली. ती चाल माझ्या डोक्यात आली कुठून? तिन्हीसांजेला दिवा लावून आईच मनाचे श्लोक म्हणून घ्यायची, मी कंटाळून पाय हलवत म्हणायचे. म्हणजे ती ओळ तिच्याच आवाजात आली होती.

मिळालं म्हणाल तर एक ओळ. बारा अक्षरं.

संगमनेर (पुन्हा)

ताई, तुमची ओळ दोन दिवस डोक्यात आहे. आमचं अष्टाक्षरी सोपं, नुसतं मोजायचं. तुमच्यात लहान-मोठं पण बघायचं, बोटं पुरत नाहीत. पुढची ओळ काय आहे?

ठाणे

नाही अजून. दीड वर्षात एकच.

संगमनेर

काल नाशिकच्या गाडीत बसलो होतो, आता पासवर. तुमच्या चालीवर जुळवत होतो. सिन्नर फाट्याला एक ओळ आली, पण एक अक्षर जास्त होतंय.

ठाणे

कोणतं?

संगमनेर

तेच बघतोय.