रेषा मोजण्यापेक्षा तिरकी कड टिपा

कॅमेरा खरंच किती बारीक तपशील टिपतो, या चर्चेत दोन गोष्टी आल्या आहेत: सेन्सर 24 मेगापिक्सेलचा असला की तेवढा तपशील मिळतोच, आणि खात्रीसाठी चाचणीच्या छापील तक्त्याचा फोटो घेऊन त्यावरच्या रेषा कुठपर्यंत सुट्या दिसतात ते पाहावं. पहिली मला पटत नाही. फुल फ्रेम सेन्सरच्या 36 मिमी रुंदीत 6000 पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल 6 मायक्रॉनचा. त्याची नायक्विस्ट मर्यादा, म्हणजे एवढे पिक्सेल जास्तीत जास्त किती बारीक रेषा सुट्या दाखवू शकतात ती हद्द, मिलिमीटरला सुमारे 83 रेषाजोड्या (एक काळी, एक पांढरी अशी जोडी). ही कमाल झाली. लेन्स आणि विवर्तन (लेन्सच्या छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) त्यातून बरंच खाऊन टाकतात.

रेषा डोळ्यांनी मोजण्यात धोका असा की मर्यादेपलीकडे खोट्या रेषा उमटतात आणि त्या खऱ्याच वाटतात. म्हणून आयएसओ 12233 या कॅमेऱ्याचा तपशील मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातली तिरक्या कडेची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. काळ्या-करड्या पट्ट्याची सरळ कड साधारण 5 अंश कलती ठेवायची. पिक्सेलच्या प्रत्येक ओळीत कड पिक्सेलला किंचित वेगळ्या जागी छेदते, आणि सगळ्या ओळी एकत्र केल्या की काळ्यातून करड्यात उजेड कसा बदलतो याचा पिक्सेलहूनही बारीक आलेख मिळतो. त्याचं विकलन करून (बदलाचा वेग काढून) फूरिए रूपांतर (बारकाव्यांनुसार विभागणी) घेतलं की एमटीएफ मिळतो, म्हणजे तपशील जसजसा बारीक होतो तसतसा कॉन्ट्रास्ट किती उरतो याचा आलेख. कॉन्ट्रास्ट निम्मा उरतो तो बिंदू एमटीएफ50.

फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच घ्या. जेपेगमधलं शार्पनिंग आकडा फुगवतं.

आमच्याकडे पणजीत पावसाळ्यात छापील कागद दमट होऊन कड लाटेसारखी वाकते. मी तो काचेवर घट्ट चिकटवतो, नाहीतर कागदाचा दोष सेन्सरच्या माथी येतो. आणि ट्रायपॉड जुन्या घराच्या लाकडी माडीवर लावू नका, ती हलते; खाली जमिनीवरच लावा.