मदत हवी आहे: जाई, जुई आणि कुंद एकाच फोटोत कसे दाखवायचे?

मंडळी, नमस्कार. मी रंकाळ्याजवळ राहते. गेल्या पावसाळ्यात नर्सरीतून जुई म्हणून आणलेलं रोप ऐन थंडीत फुललं आणि कुंद निघालं! शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, पान बघून घ्यायचं न्हाई व्हय?"

तेव्हापासून गल्लीत फांद्यांची देवाणघेवाण करणाऱ्या बायकांसाठी शेजारी-शेजारी ठेवलेले फोटो करते आहे. खरा फरक पानात आहे. जाईच्या एका देठावर साधारण ७ ते ९ पानुल्या, कळी बाहेरून गुलाबीसर. जुईला ३, पण खालच्या दोन कानाच्या पाळीएवढ्या इवल्याशा, कधी कधी तर नसतातच. कुंदाचं पान एकेरी, फुलाखालच्या हिरव्या भागावर लव.

अडचण अशी की मोबाईलवर पांढरं फूल नुसतं पांढरा ठिपका दिसतं, पाकळ्या कळतच नाहीत. काळं कापड मागे धरलं तर आणखी बिघडलं. कुंदाची लव तर अजिबात येत नाही. शिवाय तिन्ही एका वेळी फुलत नाहीत, मग वेगवेगळ्या महिन्यांतले फोटो जोडताना फुलांचा आकार सारखा कसा ठेवायचा? शेजारी पट्टी ठेवावी की रुपयाचं नाणं?

कुणी असे फोटो काढले असतील तर उजेड कुठून घेता, मागे कुठला रंग ठेवता, सांगाल का? आणि तगर-अनंताची जोडी कुणाकडे असेल तर टाका. तगरीचं पान तोडल्यावर येणारा चीक फोटोत पकडलेला असेल तर फारच छान.