फी माफ झाली, पुढचं काय?

बरेच जण म्हणतात की गरीब किंवा मागास मुलांना स्कॉलरशिप दिली, फी माफ केली की सरकारचं काम संपलं, पुढे ज्याची त्याची मेहनत. पहिला भाग पटतो, दुसरा अजिबात नाही. आमच्या बडोद्याचंच घ्या ना. सयाजीराव महाराजांनी 1906 साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, 1913 मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला जायला स्कॉलरशिप दिली, म्हणजे धोरण होतं, पैसा होता. पण तेच बाबासाहेब 1917 ला एवढं शिकून संस्थानच्या नोकरीवर आले तर ऑफिसात शिपाई लांबूनच फायली टाकायचे आणि अख्ख्या गावात राहायला एक खोली मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून ते रडले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आहे.

आणि हे जुनं झालं असं म्हणू नका. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीचा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) खाजगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांतून फॉर्म मीच भरला होता, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मावशींचे तीन दिवस खाडे झाले पण अ‍ॅडमिशन झालं, फी शून्य. मग सहल, प्रोजेक्टचं सामान, वर्गातल्या वाढदिवसांना हिला सोडून सगळ्यांना बोलावणं. तिसरीत पोरगी म्हणाली मला तिथे नाही जायचं, आणि शाळेतून तिचं नाव काढलं. शिक्षणाचे सर्व्हे करणाऱ्यांनी अ‍ॅडमिशनं मोजताना अशी मधेच गळलेली मुलंही मोजावीत, आणि का गळली ते त्यांच्या आयांना विचारावं.