चित्रांचं पुस्तक आणि मोठी मुलं

विशेष गरजा असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं तर त्याला कमीपणा वाटेल, ही शंका रास्त आहे. पण वयापेक्षा विषय पाहावा, असं मला मनापासून वाटतं. माझा भाचा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. पावसात भिजलेल्या कुत्र्याचं एक पान त्याला रोज हवं असायचं. मी वाचणं थांबवलं, चित्रावर बोट ठेवून नुसती गप्प बसायला लागले. बरेच दिवस काहीच नाही. मग एकदा कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत तो म्हणाला, "थंडी." त्याआधी स्वतःला काय होतंय हेही तो सांगत नसे!

म्हणून प्रश्नांची सरबत्ती नको, वाट पाहा. तेच पुस्तक शंभरदा मागितलं तरी द्या. पुढे काय येणार हे ठाऊक असण्याचा स्वमग्न मुलांना मोठा आधार असतो. दात काढायला जायचं असेल, शाळा बदलायची असेल, तर त्या प्रसंगाचेच फोटो लावून घरीच पुस्तक करा. अमेरिकी शिक्षिका कॅरल ग्रे यांच्या १९९१पासूनच्या 'सोशल स्टोरीज' पद्धतीत हेच आहे: काय घडेल ते साध्या, धीर देणाऱ्या वाक्यांत आधी सांगायचं. हुकूम सोडायचे नाहीत. दृष्टिहीन मुलांसाठी कापड, लोकर, बटणं चिकटवून हाताला कळणारी पानंही करता येतात.