मदत हवी आहे: कोर्ट कंपनीची बेस गिटार घेऊ की नको? तुळशीच्या लग्नाआधी ठरवायचंय

अमळनेरचा_बेस
मंडळी, जरा घाई आहे. कोर्ट अ‍ॅक्शन पीजे घ्यायचं जवळपास ठरलंय. ग्रुपमधले सगळे म्हणतात यामाहा घे नाहीतर आयबानेझ, कोर्ट कोण घेतं? मला तिचा नेक (दांडा) हातात छान बसला. कोणी वापरली आहे का? टिकते का? लवकर सांगा.

तापीकाठ
भाऊ, बजेट कितलं शे? चार तारांची की पाच? नवी की जुनी? घरी वाजवणार की कार्यक्रमात? अँप कोणता?

अमळनेरचा_बेस
२५ हजार, नवी, चार तारांची. लग्नातले ऑर्केस्ट्रा, अहिराणी आणि हिंदी गाणी. अँप नाही, सरळ मिक्सरला लावतो. पण मी विचारलंय कोर्टबद्दल.

साऊंडवाला_धुळे
कार्यक्रम मोकळ्या मैदानात असतील तर १८ इंची डबल बेस घ्या, चार टॉपला दोन बेस पुरतात. आणि जनरेटरवर चालवताना स्टॅबिलायझर लावाच.

अमळनेरचा_बेस
दादा, बेस गिटार म्हणतोय. स्पीकर नाही.

केळीबाग
आमच्या पार्टीत कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस मारतो. वेगळा माणूस म्हणजे वेगळी बिदागी. गिटार घेऊच नका, त्या पैशात कीबोर्ड बदला.

अमळनेरचा_बेस
डाव्या हाताचा बेस आणि बोटाने ओढलेली तार यात फरक पडतो. ढोलकीच्या ठेक्यावर तार ओढून लगेच दाबली, की मागच्या खुर्च्यांवरची माणसंसुद्धा उठतात. मी पाहिलंय. गिटार घेणारच आहे, कोणती ते सांगा.

भुसावळ_जुना_बेसिस्ट
माझ्याकडे हीच गिटार आहे, चार वर्षं झाली. कोर्ट दक्षिण कोरियाची कंपनी, कारखाना इंडोनेशियात. अमेरिकेतल्या पीआरएस कंपनीची एसई मालिकाही कोर्टच बनवते, म्हणजे हात शिकलेले आहेत. लोक फक्त डोक्यावरचं नाव बघतात. अ‍ॅक्शन पीजे पॅसिव्ह आहे, म्हणजे आत आवाज वाढवणारं सर्किट नाही, ९ व्होल्टचा सेल लागत नाही. लग्नाच्या कामाला मला हेच बरं वाटतं. अ‍ॅक्टिव्ह गिटारला केबल लावून ठेवली की सेल आतल्या आत उतरतो. माझ्या आधीच्या गिटारने असंच ऐन वरातीत गाणं सोडलं होतं.

खरी अडचण तुमच्या मिक्सरची आहे. पॅसिव्ह बेस सरळ लाइन इनपुटला लावली की आवाज मुळमुळीत होतो, कारण मिक्सर तिच्यावर ओझं टाकतो. अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स घ्या, गिटार आणि मिक्सरच्या मधे लावायची डबी. २५ हजारांत तेवढी जागा ठेवा. मग कोर्ट काय आणि यामाहा काय, दोन्ही वाजतील.

काळी_एक
चार तारांत तुमचं भागणार नाही. गायक काळी एक पट्टीत (सी शार्प) गात असेल तर सा कुठे घेणार? चार तारांत सगळ्यात खाली ई, ४१ हर्ट्झ. काळी एकचा सा तुम्हाला ए तारेच्या चौथ्या पडद्यावर (दांड्यावरच्या आडव्या पट्टीवर) मिळतो, ६९ हर्ट्झ. त्याखालचा सा घ्यायला पाचवी तार हवी. मी पाच तारांवर आलो आणि परत मागे गेलो नाही.

भुसावळ_जुना_बेसिस्ट
तो खालचा सा साडेचौतीस हर्ट्झचा. मांडवातल्या १५ इंची टॉप स्पीकरमधून तो नुसता घरघरतो. माणसाच्या छातीवर बसतो तो ६९चाच.

काळी_एक
आमच्याकडे बेस बॉक्स असतात.

साऊंडवाला_धुळे
तेच मी वर सांगितलं होतं.

चोपडा_तारा
गिटार कुठलीही घ्या, तारा बदलायचा खर्च धरा. बेसच्या तारा मी मुंबईहून मागवतो. आवाज मेला की पातेल्यात दहा मिनिटं उकळतो, सुती फडक्याने पुसतो, परत खणखणीत होतात.

काळी_एक
दोन कार्यक्रमांत पुन्हा मरतात. उकळून तार कमजोर पण होते.

चोपडा_तारा
दोन कार्यक्रम तर दोन कार्यक्रम. आमच्याकडे महिन्याला तेवढेच असतात.

तापीकाठ
अमळनेरभाऊ, सध्या कोणती वाजवताय? नेक हातात बसला म्हणताय, तो कुठे पाहिला?

अमळनेरचा_बेस
नाशिकला दुकानात दहा मिनिटं वाजवली. आत्ताची मित्राची, उसनी आहे. १२व्या पडद्यावर तार ५ मिलिमीटर वर आहे, एका कार्यक्रमात बोटं सोलतात. कोर्टचंही असंच होईल ही भीती वाटते म्हणून विचारतोय. आमच्याकडे रिपेअरवाला नाही.

भुसावळ_जुना_बेसिस्ट
मग हे आधी सांगायचं ना, भाऊ. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबा. सातव्या-आठव्या पडद्याजवळ तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. खूप मोकळं असेल तर नेक वाकलाय. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळा, तासभर थांबा, परत बघा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. कार्ड बरोबर सरकत असूनही तार उंच असेल तर ब्रिजवरचे, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथले, स्क्रू खाली घ्या.

आणि आपल्याकडचा मे महिना लक्षात ठेवा. माझ्या कोर्टचं लाकूड पहिल्याच उन्हाळ्यात आक्रसलं आणि पडद्यांची टोकं बाहेर आली. तळहात वरून खाली फिरवला की करवतीसारखं टोचायचं. बारीक कानस घेऊन एकेक टोक घासलं, एक दुपार गेली. तेव्हापासून उन्हाळ्यात बंद केसमध्ये ठेवतो, पत्र्याच्या खोलीत नाही. नंतर काही तक्रार नाही. महाग गिटारचंही लाकूडच असतं, तेही आक्रसतं.

केळीबाग
उन्हाळ्याचं जाऊ द्या, भरिताच्या वांग्यांचा हंगाम आला. भुसावळला जाणारच असाल तर भरीत-पुरी खाऊन या.

भुसावळ_जुना_बेसिस्ट
या की. रविवारी माझी गिटार दोन तास वाजवून बघा, डीआय लावून आणि न लावता. मग ठरवा.

अमळनेरचा_बेस
येतो. सुरत लाइनची सकाळची गाडी पकडतो. उसनी गिटारपण सोबत आणतो, तिचा ट्रस रॉड तुमच्यासमोरच फिरवतो. एकट्याने हात लावायची हिंमत होत नाहीये. कार्ड ठेवून पाहिलं आत्ता, तीन कार्डं सहज गेली.